पासिंग : गाडीचे, कागदाचे आणि माणसाचे



'पासिंग' हा शब्द इंग्रजी असला तरी त्याचा आपल्याकडचा अर्थ अस्सल मराठी आहे. आरटीओच्या आवारात तो जन्मला. "टेम्पोचे पासिंग झाले का?" हा प्रश्न मार्केट यार्डातल्या कुणालाही समजतो, आणि 'एमएच-०९ पासिंगची गाडी' म्हटले की कोल्हापूर डोळ्यांसमोर येते. वाहन रस्त्यावर आणायला सरकारने दिलेली मान्यता, एवढाच त्याचा साधा अर्थ.

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांची या पासिंगशी कधी ना कधी गाठ पडते. कुणी मँचेस्टरहून स्वस्तात गाडी आणतो, कुणी ब्रेक्झिटनंतर जपानहून आलेली जुनी गाडी घेतो, कुणाला व्हॅनचा कॅम्पर करायचा असतो, कुणाच्या घरात व्हीलचेअर आहे म्हणून गाडीत फेरफार करून घ्यावे लागतात. मग गणपतीच्या किंवा दिवाळीच्या जेवणानंतर ठरलेला संवाद होतो. एक जण म्हणतो, "इथे किती कटकट! आपल्याकडे एजंटच्या हातात कागद ठेवले की संध्याकाळपर्यंत काम झालेले." दुसरा म्हणतो, "म्हणूनच तर आपल्याकडे रस्त्यावर माणसे मरतात." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण चर्चा तिथेच थांबते आणि आइस्क्रीम येते.

मला तिथून पुढे जायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे. रस्ता सगळ्यांचा असतो, म्हणून त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाची तपासणी झालीच पाहिजे. यात सूट नको, 'जुगाड'चे कौतुकही नको. पण ज्या तपासणीपर्यंत साध्या माणसाला पोचताच येत नाही, ती तपासणी राहत नाही, ती बंदी होते. बंदीच घालायची असेल तर ती उघड घालावी, कारणे द्यावीत, आणि लोकांना त्यावर बोलता यावे.

आधी कर, मग ब्रेक

बाहेरून आणलेल्या गाडीची आयर्लंडमध्ये पहिली गाठ पडते ती महसूल खात्याशी. वाहन नोंदणी कर, म्हणजे व्हीआरटी, १ जानेवारी १९९३ पासून लागू आहे. युरोपची एकसंध बाजारपेठ सुरू झाली, गाड्यांवरचा जुना अबकारी कर गेला आणि त्याच्या जागी हा आला. गाडी देशात आल्यावर ७ दिवसांत तपासणीची वेळ घ्यायची आणि ३० दिवसांत कर भरून नोंदणी पुरी करायची, असा नियम आहे. २०१० पासून महसूल खात्याच्या वतीने हे काम एनसीटीच्या केंद्रांवर होते.

नवीन आलेल्या माणसाला वाटते की गाडी धडधाकट आहे का ते इथे पाहत असतील. तसे नसते. चेसिस नंबर कागदाशी जुळतो का, मॉडेल कोणते, किलोमीटर किती झाले, हे पाहतात, कारण त्यावरून कर ठरतो. ब्रेक, दिवे, टायर, सस्पेन्शन यांची तपासणी म्हणजे खरी एनसीटी, आणि ती वेगळी. ती २००० साली सुरू झाली. गाडी चार वर्षांची झाल्यावर दर दोन वर्षांनी आणि दहा वर्षांनंतर दरवर्षी ती करावी लागते. म्हणजे क्रम असा की आधी तिजोरी, मग ब्रेक.

कराचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. आपण गाडीला किती पैसे मोजले याला महत्त्व नाही. आयर्लंडच्या बाजारात त्या गाडीला किती किंमत आली असती हे महसूल खाते ठरवते आणि त्या किमतीवर टक्केवारी लावते. ही टक्केवारी कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणानुसार ७ ते ४१ पर्यंत जाते. कार्बनवर आधारलेली पद्धत २००८ च्या जुलैत आली आणि तत्त्व म्हणून ती योग्यच आहे. जो जास्त धूर सोडतो त्याने जास्त द्यावे. त्यात २०२० पासून नायट्रोजन ऑक्साइडचा आकार वाढला. सध्याच्या दराने दर किलोमीटरमागे पहिल्या ४० मिलिग्रॅमला प्रत्येकी ५ युरो, पुढच्या ४० ला प्रत्येकी १५ आणि त्यापुढे प्रत्येकी २५ युरो. १०० मिलिग्रॅम सोडणाऱ्या डिझेल गाडीचा हिशेब २०० अधिक ६०० अधिक ५००, म्हणजे १,३०० युरो होतो.

पण त्याच गाडीच्या उत्सर्जनाचा मान्य पुरावा तुमच्याकडे नसेल तर? मग कमाल आकार लागतो. डिझेलसाठी तो ४,८५० युरो आहे, इतर इंधनांसाठी ६००. कार्बनचा आकडा सिद्ध करता आला नाही तर तिथेही सर्वांत वरचा दर. म्हणजे गाडी तीच, धूर तोच, आणि एका कागदाची किंमत ३,५५० युरो.

मी संशोधनाच्या क्षेत्रातली. मोजमाप हाच रोजचा धंदा. आमच्याकडे एखाद्या नमुन्याचे मापन झाले नसेल तर आम्ही वहीत 'माहीत नाही' असे लिहितो, 'सर्वांत वाईट' असे लिहीत नाही. महसूल खात्याची अडचण मला समजते. पुरावा नसणाऱ्याला सवलत दिली तर उद्या सगळ्यांचेच कागद हरवतील. पण मधला मार्ग आहे. ज्या वर्षाची, ज्या इंजिनाची, ज्या प्रदूषण-मानकाची गाडी आहे, त्या प्रकारच्या गाड्यांचा सर्वसाधारण आकडा धरता येतो, वर थोडा दंडही लावता येतो. कमाल मर्यादा हाच गृहीत आकडा धरला की पर्यावरणासाठी आणलेला कर कागद नसण्यावरचा कर होतो. आणि कागद नसतो तो बहुतेकदा दूरच्या देशातून आलेल्यांकडे. निर्णय पटला नाही तर अपील आहे, पण आधी सगळे पैसे भरायचे आणि मग अपील करायचे. ज्याच्या खात्यात शिल्लक आहे त्याला हे परवडते.

हा कर आकारण्याच्या पद्धतीवर युरोपच्या न्यायालयानेही एकदा बोट ठेवले आहे. दुसऱ्या सदस्य देशातून ठराविक काळासाठी लीजवर आणलेल्या गाडीवरही संपूर्ण कर आधीच भरायला लावणे हे युरोपीय कायद्याशी विसंगत आहे, असा निकाल १९ सप्टेंबर २०१७ रोजी आयर्लंडच्या विरोधात लागला.

एका मुलाचा पेपर, सगळा वर्ग पास

आता सुरक्षिततेकडे वळू. नवी गाडी शोरूममधून घेताना तिच्या पासिंगचा आपल्याला पत्ताही लागत नाही. कारण ती 'टाइप अॅप्रूव्हल' घेऊन आलेली असते. कंपनी एका मॉडेलचे नमुने युरोपातल्या कोणत्याही एका देशाच्या मान्यता-संस्थेकडे देते. ते पास झाले की त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीसोबत कंपनी स्वतःच अनुरूपतेचे प्रमाणपत्र देते, आणि ते सगळ्या युरोपीय संघात चालते. आयर्लंडमध्ये ही मान्यता-संस्था म्हणजे एनएसएआय, इथली राष्ट्रीय मानक संस्था. ज्या नव्या वाहनाला असे प्रमाणपत्र नाही, म्हणजे कुणी एकट्याने बांधलेली, बदललेली किंवा दुसऱ्या खंडाच्या मानकानुसार बनलेली गाडी, तिला एकेकटीने मान्यता घ्यावी लागते. तिथे दिवा, आरसा, सीटबेल्टचा आधार, काच, सगळे सुटे सुटे तपासले जाते.

शाळेच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या पद्धतीत एका हुशार मुलाचा पेपर तपासून सगळ्या वर्गाला पास करतात. दुसऱ्या पद्धतीत बाहेरून बसणाऱ्या एकट्या मुलाची तोंडी, लेखी, प्रात्यक्षिक सगळी परीक्षा होते. लाखो गाड्या एकेक करून तपासणे शक्य नाही, त्यामुळे पहिली पद्धत अपरिहार्य आहे. पण ती दोन गोष्टींवर उभी आहे : तपासायला दिलेला नमुना प्रामाणिक असला पाहिजे, आणि बाकीचा वर्ग खरोखर त्याच्यासारखा असला पाहिजे.

सप्टेंबर २०१५ मध्ये पहिल्या गोष्टीचा बुरखा फाटला. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतले सॉफ्टवेअर तपासणी चालू आहे हे ओळखत होते आणि तेवढ्यापुरता धूर कमी करत होते. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या या यादीत निघाल्या. हे उघडकीला आणण्यात मोठा वाटा वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाचा होता. त्यात दोन भारतीय विद्यार्थी होते, अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा, आणि स्वित्झर्लंडचा मार्क बेश. त्यांनी मोजण्याचे यंत्र गाडीच्या मागच्या भागात चढवले आणि गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली. एका मॉडेलचे नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण अमेरिकी मर्यादेच्या १५ ते ३५ पट भरले. त्यांनी फक्त प्रयोगशाळेचे दार उघडून बाहेर जायचे ठरवले होते. विज्ञानात पुष्कळदा एवढेच लागते.

या प्रकरणाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेने भारतातल्या गाड्यांची रस्त्यावर तपासणी केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली.

युरोपने त्यानंतर कायदा बदलला. १ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीनुसार विकल्या गेलेल्या गाड्या पुन्हा तपासता येतात आणि खोटेपणा सापडला तर दर गाडीमागे ३०,००० युरोपर्यंत दंड करता येतो. चांगले झाले. पण यातून एक धडा उरतो. संशयाची दिशा आपण चुकीची ठेवली होती. गॅरेजमध्ये स्वतः गाडी बांधणाऱ्या माणसाचा प्रत्येक नट तपासायचा आणि लाखो गाड्या विकणाऱ्याच्या कागदावर विश्वास ठेवायचा, यात धोका कुठे जास्त होता? एकट्याची गाडी बिघडली तर एका वळणावर अपघात होतो. कारखान्याचा नमुना खोटा निघाला तर शहरेच्या शहरे तो धूर श्वासात घेतात.

भीती आणि पुरावा

२००४ नंतर पोलंड आणि लिथुआनियातले पुष्कळ लोक कामासाठी आयर्लंड-ब्रिटनमध्ये आले. परत जाताना आपल्या गाड्या नेऊ लागले, म्हणजे उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या. दोन्ही देशांनी अट घातली की नोंदणी हवी असेल तर स्टिअरिंग डावीकडे घ्या. म्हणजे जवळजवळ नवी गाडी बांधा. कारण दिले सुरक्षिततेचे : उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीत अशा गाडीला ओव्हरटेक करताना समोरचे दिसत नाही.

ही भीती अगदीच खोटी नाही. पण २० मार्च २०१४ रोजी युरोपच्या न्यायालयाने दोन्ही देशांविरुद्ध निकाल दिला. पाहुणे म्हणून आलेल्या अशाच गाड्या तुम्ही चालू देता, मग इथे राहायला आलेल्यांच्या गाड्यांनाच बंदी का? अपघात आणि उजवे स्टिअरिंग यांचा संबंध तुमच्या आकडेवारीतून पुरेसा सिद्ध होत नाही. आणि बंदीपेक्षा सौम्य उपाय उपलब्ध आहेत.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. 'सुरक्षितता' हा शब्द उच्चारला की वाद संपतो, अशी आपली सवय आहे. न्यायालयाने सांगितले की वाद तिथून सुरू होतो. धोका किती, तो कशाने मोजला, आणि तो कमी करायचा सर्वांत हलका मार्ग कोणता, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे नियम करणाऱ्याने द्यायची आहेत.

दार नसलेली खोली

याच्या उलट उदाहरण डब्लिनच्या रस्त्यांवर आपण वर्षानुवर्षे पाहिले. इलेक्ट्रिक स्कूटर कायद्याच्या नजरेत यांत्रिक वाहन होती. म्हणून तिला विमा, रस्ता कर आणि लायसन्स हवे. पण हे मिळवायची सोयच नव्हती. दुकानात ती राजरोस विकली जात होती, रस्त्यावर आली की पोलीस जप्त करू शकत होते. शेवटी २०२३ चा कायदा आला आणि २० मे २०२४ पासून नियम लागू झाले : वेग ताशी २० किलोमीटर, मोटर ४०० वॉटपर्यंत, वजन २५ किलोपर्यंत, चाके किमान २०० मिलिमीटर, दिवे, ब्रेक, घंटी, आणि चालवणारा १६ वर्षांवरचा. हे नियम वाचा. एका कागदावर मावतात, फूटपट्टी आणि वजनकाटा घेऊन कुणालाही तपासता येतात. चांगला नियम असा असतो.

इलेक्ट्रिक सायकलींच्या बाबतीत मात्र गुंता शिल्लक आहे. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली, पॅडल मारल्यावरच मदत करणारी असेल तर ती सायकल. त्यावर गेली की मोपेड, आणि मग नोंदणी, विमा, लायसन्स, हेल्मेट सगळे आले. रात्री दहा वाजता पावसात आपल्या दारात बिर्याणी आणून देणारा मुलगा पहा. त्याची सायकल बऱ्याचदा किट लावून वाढवलेली असते, कारण त्याला तासाचे नाही, दर फेरीचे पैसे मिळतात. तो ब्राझीलचा असेल, कधी नागपूरहून एमएस करायला आलेलाही असेल. वेगाने धावणारी, ब्रेक जेमतेम असलेली सायकल फूटपाथवर नको, हे मला मान्य आहे. दोन लहान मुलांचा हात धरून त्याच फूटपाथवरून मीही चालते. पण किट लावलेल्या सायकलीला कारखान्याचे प्रमाणपत्र कुठून येणार? नियम मोडू नकोस हे त्याला सांगताना नियम पाळायचा असेल तर कुठे जायचे हेही सांगता आले पाहिजे. आणि दर फेरीला पैसे देऊन त्याला घाईत ढकलणाऱ्या कंपनीला कोणतेच पासिंग लागत नाही, ही गोष्टही लक्षात ठेवू.

देवराष्ट्र्याची जीप

आता जरा घराकडे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावातले दत्तात्रय लोहार आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. लोहारांनी भंगारातल्या सामानातून सुमारे साठ हजार रुपयांत मुलासाठी छोटी जीप बनवली, किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर फिरली. आनंद महिंद्र यांनी कौतुक केले, आणि ही गाडी नियमात बसत नसल्यामुळे आज ना उद्या अधिकारी ती अडवतील, म्हणून बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो घरी आली आणि ती जीप कंपनीच्या संशोधन केंद्रात ठेवायला गेली.

गोष्ट गोड आहे आणि देणाऱ्याचा मोठेपणा खरा आहे. पण तिच्यात एक प्रश्न कुणी विचारलाच नाही : ही जीप तपासून पाहायची सोय का नाही? कदाचित ती नापास झाली असती. बहुधा झालीच असती. पण कशामुळे नापास झाली हे लोहारांना कळले असते, आणि त्यांच्या हातच्या दुसऱ्या जीपचे ब्रेक पहिलीपेक्षा बरे असते. कारागिराला बक्षीस मिळाले, परीक्षेला बसायला मात्र मिळाले नाही.

भारतातला कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापासून वाहन बदलायला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठासून सांगितले. नमुना-तपासणीची सगळी व्यवस्था कारखानदारांसाठी आखलेली आहे. याला अपवाद झाले आहेत. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आली, नवी 'व्हीए' मालिका आणि नोंदणी शुल्क २०,००० रुपये. आयर्लंडमध्येही तीस वर्षांवरच्या गाडीला व्हीआरटी सरसकट २०० युरो. हौशी संग्राहकासाठी दार काढता येते, याचा हा पुरावा. मग कारागिरासाठी का काढता येऊ नये?

आणि दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगते, कारण परदेशात राहून 'जुगाड'चे गोडवे गाणे सोपे आहे. गळीत हंगामात रात्री कोल्हापूर-सांगली-सातारा भागात गाडी चालवणाऱ्याला विचारा. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात मोटारसायकलवाला सरळ आत घुसतो. वडापच्या जीपमध्ये टपावर आणि मागच्या पायरीवर लटकणारी माणसे आपण पाहिली आहेत, त्यात आपलेच नातेवाईक होते. अशा जुगाडाची किंमत ते बनवणारा देत नाही, रस्त्यावरचा तिसराच कुणीतरी देतो. म्हणून 'गरिबाला सूट द्या' हे मी म्हणत नाही. गरीबच त्या सुटीत मरतो. मी म्हणते, तपासणी त्याच्यापर्यंत न्या. कारखान्याच्या गव्हाणीपाशी ट्रॉल्यांच्या रांगा तासन् तास उभ्या असतात. तिथेच रिफ्लेक्टर, मागचा दिवा आणि जोडणीची पिन पाहायला किती वेळ लागेल?

ज्यांची गाडी वेगळीच असावी लागते

काही जणांसाठी 'नेहमीपेक्षा वेगळी' गाडी ही हौस नसते. पाय काम करत नसतील तर ब्रेक हाताने दाबता यावा लागतो, व्हीलचेअर आत घ्यायची तर मागे उतार हवा. आयर्लंडमध्ये अशा वाहनांवरचा कर परत करणारी योजना आहे, पण तिचे वैद्यकीय निकष १९९४ चे आणि फार अरुंद आहेत : दोन्ही पायांचा उपयोग पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे नसणे, अशा धर्तीचे सहा. जून २०२० मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हे निकष मूळ कायद्याच्या हेतूशी सुसंगत नाहीत. अपिले ऐकणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या सर्व सदस्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये राजीनामे दिले. दरम्यान माणसे थांबून राहिली. भारताने २०१९ च्या दुरुस्तीत 'अपंगांची गाडी' हा जुना शब्द काढून 'अनुकूलित वाहन' ही व्याख्या आणली. शब्द बदलला हे बरेच झाले. पण गावातल्या मेकॅनिकने स्कूटरला दोन जादा चाके लावून दिली तर ती पास करून देणारा अधिकारी तालुक्याला भेटतो का, खरी कसोटी ती आहे.

आपले पासिंग

हे सगळे आपल्याला का कळावे? कारण आपण सगळे या अनुभवातून गेलो आहोत. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स आयर्लंडमध्ये बदलून मिळत नाही. जपानी, ऑस्ट्रेलियन, दक्षिण आफ्रिकी माणूस आपले लायसन्स देऊन इथले घेतो. वीस वर्षे पुण्यात गाडी चालवलेल्या माणसाला थिअरी टेस्टपासून सुरुवात करावी लागते. त्यांचे टाइप अॅप्रूव्हल, आपली एकेकट्याची परीक्षा. याचा राग येतो, मलाही येतो. पण नीट विचार केला तर ही व्यवस्था अन्यायाच्या अर्ध्या वाटेवर थांबलेली आहे, कारण तिच्यात दार आहे. परीक्षा द्या, पास व्हा, चालवा. आपल्या डॉक्टर आणि नर्स मैत्रिणींच्या पदव्यांचेही असेच. परीक्षा कठीण असेल, महाग असेल, पण ती असते. ज्यांच्यासाठी परीक्षाच नाही, त्यांच्या बाजूने बोलायला आपल्याइतका अनुभवी समाज शोधून सापडणार नाही.

माझ्या मागण्या चार आहेत.

१. कर आणि सुरक्षितता यांची सरमिसळ नको. उत्सर्जनाचा पुरावा नसेल तर त्या प्रकारच्या वाहनाचा सर्वसाधारण आकडा धरावा, कमाल आकार नव्हे. अपिलासाठी संपूर्ण रक्कम आधी भरायची अट शिथिल व्हावी.

२. जो कायदा नोंदणी मागतो, त्याने त्याच दिवसापासून नोंदणीची वाट दाखवावी. वाट नसेल तर जप्ती नको.

३. एकेकट्या वाहनाच्या मान्यतेचे निकष साध्या भाषेत, मोजता येतील असे, आणि अनुकूलित वाहनांसाठी विनाशुल्क असावेत. नापास झाल्यास कारण लेखी मिळावे.

४. जो जितक्या गाड्या विकतो, त्याच्यावर तितकी अधिक नजर असावी, विकल्यानंतरही.

यातले शेवटचे युरोपने कायद्यात आणले आहे. बाकीचे आपल्या टीडींना विचारण्यासारखे आहे. मतदार यादीत नाव असेल तर स्थानिक निवडणुकीत आपल्याला मतही आहे, नागरिकत्व असो वा नसो. आणि महाराष्ट्रासाठी एक प्रत्यक्ष काम सुचवते. आपल्या वाचकांत वाहन उद्योगातले, मापनशास्त्रातले, संगणकातले कितीतरी लोक आहेत. गावच्या आयटीआयमध्ये वर्षातून दोनदा 'तपासणी शिबिर' भरवता येईल : ट्रॉली, वडापची जीप, अपंगांची स्कूटर घेऊन या, ब्रेक, दिवे, जोडणी तपासून घ्या. सरकारी शिक्का तिथे मिळणार नाही, पण दोष कळेल आणि दुरुस्ती तिथल्या तिथे होईल. रक्तदान शिबिरे आपण भरवतोच, हीही त्याच जातीची गोष्ट आहे. ज्यांना यात वेळ किंवा ज्ञान द्यायचे असेल त्यांनी जरूर कळवावे. आणि माझे म्हणणे पटत नसेल तर तेही तितक्याच मोकळेपणाने लिहावे. पुढच्या अंकात उत्तर देईन.